दोराच्या टोकाला

“रामटेके चंद्रशेखर उदाराम.”

सिस्टरबाईंचा तो आवाज चंद्रशेखरच्या कानात अजून आहे. ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात टेबल मांडलेलं होतं, टेबलावर कापूस आणि काचेच्या पट्ट्या, आणि बाई यादीतून नावं वाचत होत्या. त्याचं नाव त्यांनी आधी साधंच वाचलं. मग जरा चढ्या आवाजात. तिसऱ्यांदा मात्र जत्रेत चुकलेल्या लेकराला हाक मारावी तसं. चंद्रशेखर तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि व्हरांड्यापासून वीस पावलांवर चिंचेच्या झाडावर बसला होता. त्याला सुईची भीती वाटत होती. बस, एवढंच. खाली पोरं तोंड दाबून हसत होती, पण कुणी बोट दाखवलं नाही. चौथी हाक आली नाही. बाईंनी यादीवर रेघ ओढली आणि पुढचं नाव घेतलं.

सडक अर्जुनीजवळच्या त्या गावात, त्याच्या समाजात, लग्न जुळवताना पत्रिका कुणी पाहत नाही. बौद्ध घरं, ग्रहताऱ्यांशी आजा-पणजाच्या काळातच फारकत झालेली. पाहतात ते कार्ड. सिकलसेलच्या तपासणीचं. हा आजार इकडच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या आहे. कुणाच्या रक्तात तो अर्धा असतो; त्या माणसाला काही होत नाही, तो धान रोवतो, ओझी उचलतो, म्हातारा होतो. पण असे अर्धे-अर्धे दोघं एका घरात आले, तर लेकराच्या वाट्याला तो पुरा येऊ शकतो. म्हणून सोयरिकीच्या बोलण्यात आधी कार्ड निघतं. चंद्रशेखरचं कार्ड नव्हतंच. दोन वर्षांनी त्याचं रंजिताशी लग्न झालं, वर्षभरात दामिनी झाली.

दीड वर्षाची असताना दामिनीचे हातपाय पावासारखे सुजले. गोंदियाच्या दवाखान्यात तिघांचंही रक्त घेतलं. तिथं झाड नव्हतं. चंद्रशेखरनं हात पुढं केला, सुई कधी टोचली ते त्याला कळलंही नाही. कागद आले: आईबाप दोघं वाहक, पोरीला पुरा आजार. परतीच्या एसटीत त्याची आई, कलाबाई, कपाळावर हात मारत बसली. रस्ताभर एकच बोलणं, माह्या लेकानं झाडावर बसून पोरीचं वाटोळं केलं, सुनेचा काई दोष नाई, गरीब गाय आहे ते. रंजिता खिडकीबाहेर पाहत होती. ती रडली नाही. चंद्रशेखरला वाटलं, केवढा धीर आहे हिच्यात.

त्याला चौदा वर्षं झाली. हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान आहे. रायपूरकडून येणारे ट्रक थांबतात, तो चाकं उतरवतो, ट्यूब पाण्याच्या टाकीत बुडवतो, बुडबुडा कुठून येतो ते पाहतो आणि त्या जागी ठिगळ लावतो. घरी यायचा तर दामिनीच्या अंगात कुठून दुखणं उठेल याचा नेम नसायचा. आज गुडघा, उद्या पाठ, परवा छाती. गरम पाण्याची पिशवी, गोळ्या, रक्त चढवणं, पुन्हा शाळा, पुन्हा दवाखाना. गावात त्याला ‘चिंचवाला चंदू’ म्हणतात. लहानपणी दामिनीनं विचारलं होतं, बाबा, तुमाले चिंचवाला काऊन म्हणतेत? त्यानं सांगितलं, मी लहानपणी चिंचा लय खायचो. ती हसली होती.

खरं सांगायचं राहून गेलं. रोज वाटायचं, आज सांगावं, पोरीच्या पायाशी बसावं आणि सांगावं की बाई, हे माझ्यापायी झालं, मला माफ कर. पण घरात कलाबाई असायची, दवाखान्यात शेजारच्या खाटांवर माणसं असायची, आणि पोरगी दुखण्यात असली की तोंड उघडायचं नाही, दुखणं थांबलं की उघडवायचं नाही.

या पावसाळ्यात नागपूरच्या डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. इतक्या वर्षांत ते नेहमी उभ्यानं बोलायचे. मूत्रपिंडं थकली आहेत, म्हणाले, आणि छातीचा त्रास आता दर महिन्याला येईल. जे करत होतो तेच करत राहू. तिला आवडेल ते करू द्या. चंद्रशेखरनं विचारलं, दिवाळी? डॉक्टर म्हणाले, दिवाळी होईल.

दिवाळी झाली.

दामिनीला काय आवडतं ते सगळ्यांना माहीत होतं. तिची मावसबहीण हर्षा लग्नानंतर नवऱ्यासोबत कोकणात फिरायला गेली होती. तिथून तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता: खाली निळं पाणी, वर रंगीत छत्री, आणि छत्रीला लटकून किंचाळणारी हर्षा. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दामिनीनं इतक्यांदा पाहिला की घरातल्या सगळ्यांना तिची किंचाळी पाठ झाली. मले तसं वर जायचं हाय, एवढंच ती म्हणायची. कलाबाईला हे पटलं नाही. समुद्र कायले पाहिजे, तिनं विचारलं, नवेगावबांधाचं पाणी कमी पडलं का? आन् उडाचंच असन तं बापासंगं चिंचेवर चढ.

कुणी हसलं नाही. कलाबाई मग सुपातले खडे निवडता निवडता रोवणीच्या चालीवर हळू म्हणत राहिली,

धानाच्या बांधीमंदी पाणी घोट्याले लागते,
माही नातीन नाजूक, उभी राह्यली थकते.

चंद्रशेखरनं दुकानाला कुलूप लावलं. बांधीबांधीत कापलेल्या धानाच्या कडपा पडल्या होत्या, हवेत ओल्या तणसाचा वास होता. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली. अख्खं राज्य आडवं ओलांडून गाडी कोल्हापूरला पोचते. तिथून पुन्हा एसटी, घाट, वळणं. दामिनी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपत होती. जागी झाली की विचारायची, आलं? रंजिता तिला दर तासाला पाणी पाजायची. पाणी कमी पडलं की या आजारात दुखणं उठतं. दोन स्वेटर, पायमोजे, गरम पाण्याची पिशवी, गोळ्यांचा डबा. समुद्रावर निघालेल्या माणसांचं सामान वाटत नव्हतं ते.

मालवणला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते किनाऱ्यावर गेले. वाळूत चालताना दामिनी दर दहा पावलांवर थांबत होती. धाप लागली असं म्हणायची नाही. वाकून शिंपला उचलायची. तिच्या मुठीत सात-आठ शिंपले झाले तेव्हा चंद्रशेखर खाली बसला आणि म्हणाला, चल, पाठीवर बस. पंधरा वर्षांची पोर कुरकुर न करता बापाच्या पाठीवर बसली. वजन काहीच नव्हतं. ट्रकची रिकामी ट्यूब खांद्यावर टाकावी तसं.

बोटवाला पन्नाशीचा होता, उन्हानं काळा झालेला. पोरीला पाहून म्हणाला, “गो चेडवा, तुका एकट्याक नाय सोडूचंय. वारो उडवून नेतलो तुका. बापाशीक घेऊन जा वांगडा.”

दामिनीला अर्धंच कळलं. ती आईच्या कानात म्हणाली, हे कोन्ती मराठी बोलून राहिले? बोटवाल्यानं ते ऐकलं आणि विचारलं, तुम्ही खंयचे? गोंदिया, चंद्रशेखर म्हणाला. बोटवाल्यानं विचारात पडून मान हलवली. नागपूरच्याही पलीकडे, असं सांगितल्यावर म्हणाला की नागपूरच्या पलीकडे काही आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. चंद्रशेखर म्हणाला, आमालेबी कोल्हापूरच्या अलीकडंच राज्य सरते असं वाटे.

मग फॉर्म भरायचा होता. नाव, वय, गाव. शेवटी एक रकाना: हृदयविकार, दमा, फिट, अन्य कोणताही आजार. चंद्रशेखरचं पेन तिथं थांबलं. खरं लिहिलं तर पोरीला कुणी वर सोडणार नव्हतं. आणि खोटं लिहायला हात उचलेना. रंजितानं त्याच्या हातातून पेन घेतलं, त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं, खाली सही केली आणि कागद बोटवाल्याला दिला. दिवसाचा हिशेब लिहावा इतक्या सहज. चंद्रशेखर तिच्याकडे पाहत राहिला. तिनं पेनाला टोपण लावलं.

बोटीत बसल्यावर त्यानं आपल्या सवयीनं सगळं हातानं तपासलं. दोर चिमटीत धरून पीळ पाहिला, पट्ट्यांच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, कड्या ओढून पाहिल्या. बोटवाल्यानं विचारलं, इन्स्पेक्टर आसात काय? दामिनी म्हणाली, पंक्चरवाले आहेत. यावर तो खूश झाला. त्याच्या स्कूटरचं मागचं चाक म्हणे सारखं बसायचं. चंद्रशेखरनं त्याला सांगितलं, हवेचा वॉल पाह्यजा, ट्यूब नसन फाटली. मग गंभीर होऊन त्यानं बजावलं, पोरीला पाण्यात बुडवायचं नाही. इथं खाली आणताना माणसांना पाण्यात बुचकळून पुन्हा वर उचलतात, ते त्यानं व्हिडिओत पाहिलं होतं. बोटवाला म्हणाला, हात वर केलास तरच बुडवतलंय, नायतर सुको परत हाडतलंय. दामिनीनं मान हलवली.

बोट वेगात निघाली. छत्री मागं फुगली, एकदा डगमगली, आणि दोघांचे पाय फळीवरून सुटले.

 आधी आवाज गेले. इंजिनाचा आवाज गेला, लाटांचा गेला, किनाऱ्यावरच्या पोरांचा गेला. ताणलेल्या दोरातून वारा गुणगुणत होता तेवढाच. खाली बोट एखाद्या चपलेएवढी दिसत होती आणि तिच्यात लाल ठिपका, रंजिताचा पदर. पाणी किनाऱ्याजवळ हिरवं, पुढं निळं, त्याच्या पुढं नुसतं उजेडाचं. दामिनी किंचाळली नाही. तिनं दोन्ही पट्ट्या धरल्या होत्या आणि ती इकडून तिकडं डोकं फिरवत सगळं पाहत होती, घाईघाईनं, जेवणाचं ताट कुणी उचलून नेईल अशा भीतीनं जेवावं तसं.

जॅकेटच्या आतून तिच्या बरगड्या त्याच्या दंडाला लागत होत्या. त्याच्या मनात आलं, इथं कलाबाई नाही. शेजारची खाट नाही. इथून कुणी उठून जाऊ शकत नाही, तोही नाही. पुन्हा अशी जागा मिळायची नाही.

“दामिनी,” तो म्हणाला, “तुह्या दुखण्याचं कारण मी आहो.”

तिनं मान वळवली. त्यानं सगळं सांगितलं. व्हरांडा, टेबल, सिस्टरबाई, तीन हाका, चिंचेचं झाड. चिंचा खायचो हे खोटं होतं. सुईला भ्यायलो, एवढ्यासाठी. वारा शब्द ओढून नेत होता, म्हणून त्याला मोठ्यानं बोलावं लागलं. चौदा वर्षं तोंडातल्या तोंडात घोळवलेलं त्यानं समुद्रावर ओरडून सांगितलं.

ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, “तुमी खाली उतरले असते तं?”

“तं माही तपासणी झाली असती. मंग तुह्या आईचीबी केली असती. आमचं लगन झालं नसतं.”

“मंग मी झाली नसती.”

“नाई.”

ती समोर पाहत राहिली. खालून एक पांढरा पक्षी गेला. पक्ष्याची पाठ वरून पाहायची त्याची ही पहिलीच वेळ होती. त्याला वाटलं आता ती काहीतरी लेकरासारखं बोलेल, असं नका म्हणू बाबा म्हणेल, हात धरेल. रात्र-रात्र त्यानं मनात रंगवलेलं होतं ते.

“बरं झालं असतं, बाबा,” दामिनी म्हणाली.

रागानं नाही. तहान लागली सांगावं तसं, शांतपणे. मग तिनं उजवा हात पट्टीवरून सोडवला आणि सरळ वर केला.

तो नको, नको म्हणून ओरडला. बोटवाल्यानं हात पाहिला होता. बोट मंदावली, छत्री सैल झाली, समुद्र झपाट्यानं वर आला आणि दोघं कमरेपर्यंत पाण्यात गेले. पाणी फार थंड नव्हतं. दामिनीनं ओंजळीनं ते तोंडावर घेतलं, आणि ती हसली. मोठ्यानं, हर्षा किंचाळली होती तितक्या मोठ्यानं हसली. वर्षभरात त्यानं ते हसू ऐकलं नव्हतं. मग दोर ताणला, दोघं पुन्हा वर गेले, ओल्या अंगाला वारा लागला, आणि त्याच्या दंडाला टेकलेलं तिचं अंग कापायला लागलं. किती कापत होतं ते त्याला मोजता आलं असतं. तो तिला कवटाळूही शकत नव्हता. पट्ट्या आड येत होत्या.

बोटीत उतरल्यावर रंजितानं तिला पुसलं, स्वेटर चढवला, पाठ चोळली. दामिनीचे दात वाजत होते पण चेहरा फुललेला होता. ती आईशी बोलत होती. वरून बोट कशी दिसते, पाणी कसं रंग बदलते. बापाकडे तिनं पाहिलं नाही. बोटवाला म्हणाला, शूर आसा चेडू, आणि तिला एक मोठा शंख दिला.

दुपारी जेवण व्हायच्या आत दुखणं उठलं. आधी खुबे, मग पाठ, मग छाती. रिक्षात घालून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावून विचारून घेतलं, आणि फोन ठेवल्यावर चंद्रशेखरकडं न पाहता म्हणाले, हिला लवकर घरी घेऊन जा. त्यांनी दवाखान्यात न्या म्हटलं नाही. घरी म्हटलं.

दिवस मावळायच्या सुमारास खोलीवर आणलं तेव्हा औषधाच्या गुंगीत तिला झोप लागली होती. श्वास वरवरचा चालला होता, मांजराच्या पिल्लासारखा. मागच्या अंगणात माडाच्या बुंध्याशी नळ होता. रंजिता तिथं बसून पोरीचा ड्रेस धूत होती. दोनदा पाणी बदललं तरी ती कापडाला जीभ लावून पाहायची आणि म्हणायची, खारटपणा जात नाई. चंद्रशेखर दाराच्या पायरीवर बसला.

तिनं मान वर न करता विचारलं, “वर काय बोलले तुमी तिच्यासंगं? उतरल्यापासून पोरगी तुमच्याकडं पाहून नाई राह्यली.”

त्यानं सांगितलं. झाडाचं सांगितलं म्हणाला. सगळं माझ्यामुळं झालं ते सांगितलं. पोरगी काय म्हणाली तेही त्यानं तिला जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द कमी न करता, कारण ते त्याला एकट्याला पेलत नव्हतं. मग म्हणाला, बरोबरच म्हनली ते. मी उतरलो असतो तं हे झालंच नसतं. आता तिच्या मनात बाप म्हंजे झाडावर बसलेला मानूस, तेच घेऊन जाईन ते.

रंजिताचे हात थांबले. नळ चालू होता, बादली भरून पाणी अळ्यात वाहायला लागलं, तरी तिनं तो बंद केला नाही. चंद्रशेखरला वाटलं ती रडेल. ती उठली, ड्रेस पिळला, झटकला, पण दोरीवर टाकला नाही. ओला ड्रेस छातीशी धरून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या पोलक्यावर पाणी पसरत चाललं होतं. आत एकदा दामिनी कण्हली. दोघांनी कान दिला. पुन्हा शांत झालं.

“तिले उठल्यावर सांगजा,” रंजिता म्हणाली. “नाई तं मीच सांगतो.”

काय सांगू, त्यानं विचारलं.

“तुमच्या झाडानं काई झालं नाई. बारावीत असतानी आमच्या कॉलेजात रक्त घेतलं होतं. माह्या कार्डावर अर्धा आजार निघाला होता. त्याच्यापाई दोन जागचे पाहुणे वापस गेले, बाबानं जेवण सोडलं होतं. मंग तुमचे लोकं आले. तुमच्या मामानं समोरच इचारलं, पोरीची तपासणी झाली का. आमच्या घरचं कोनी बोललं नाई, सारे खाली पाहात होते. मीच बोलली. मी म्हनलं, नाई झाली.”